धोंडाक्काची चुन्याची चावडी

करंजपेठेच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. पैलतीरी जायचं तर नावेत बसावं लागे, आणि घाट उतरून आलेले बैल पेठेच्या माळावर विसावत. सांगणारे म्हणतात, या गोष्टीला सात पिढ्या झाल्या. कुणी नऊ म्हणतं. मोजायला कुणी उरलेलं नाही, तेव्हा आपण नुसतं फार वर्षांपूर्वी म्हणू आणि पुढं जाऊ.

पेठेच्या मधोमध एक चावडी होती. निवाडे तिथंच व्हायचे, लग्नाची वऱ्हाडं तिथंच उतरायची, शाहिरांचे डफ तिथंच घुमायचे. पण चावडी म्हातारी झाली होती. मधल्या तुळईला वाळवीनं पोखरलं होतं. मागच्या भिंतीला एवढी भेग गेली होती की आत बसलेल्या पंचांना बाहेरचं गाढव दिसायचं आणि गाढवाला पंच.

चावडी नवी करायची हे सगळ्यांना पटलं होतं. कशी करायची, यावर मात्र पेठ दुभंगली. खंडेराव पाटील म्हणाले, दगडी हवी, दुमजली हवी, आणि वरच्या मजल्यावर माझी गादी. खालच्या आळीचा नारबा कोष्टी म्हणाला, गुडघे धरून जिना चढायला आमची म्हातारी माणसं काय माकडं आहेत? वरच्या आळीला दार उगवतीकडं हवं होतं, खालच्या आळीला मावळतीकडं. सात दिवस सभा चालली. सातव्या दिवशी नारबा उठला आणि म्हणाला, "तुमची चावडी तुम्ही बांधा. आमची आम्ही बांधतो." एका पेठेत दोन चावड्या म्हणजे दोन पंच, दोन जत्रा, आणि लेकीसुनांना माहेरी जायला दोन वाटा. हे सगळ्यांना कळत होतं, पण मागं कोण सरणार?

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हसलं.

ती धोंडाक्का होती. जातीची बेलदारीण, हाडापेरानं मजबूत, केस निम्मे पिकलेले. ओढ्यापलीकडं बेलदारांची पालं होती, त्यातल्या शेवटच्या पालात ती आणि तिची दोन गाढवं राहायची. पेठेतला एकही पाया तिच्या हाताशिवाय भरला गेला नव्हता. दर साली चावडीची ती भेग लिंपायचं कामही तिचंच. त्या दिवशी ती तेच करत होती, कोपरापर्यंत चिखलानं माखलेली.

पाटलांनी भेगेतून बघितलं. "काय गं धोंडे, हसायला काय झालं?"

"रागावू नका, पाटील," ती म्हणाली. "सात दिवस ऐकते आहे. तुमच्या डोक्यात एक चावडी, नारबाच्या डोक्यात दुसरी. जितकी डोकी तितक्या चावड्या. कुणाची कुणाला दिसत नाही, मग भांडण मिटायचं कसं? आधी एक भुईवर काढू. तिच्यात आठ दिवस बसू. अडचण झाली तर रेघ पुसता येते. भिंत पुसता येत नाही."

आता हे बोलणं कुणी मनावर घेतलं नसतं. पण नेमकी तेव्हाच तुळई करकरली आणि पाटलांच्या पागोट्यावर वाळवीची माती सांडली. पाटील उठले, माती झटकली आणि म्हणाले, "काढ तर खरी."

धोंडाक्कानं दोन्ही गाढवांवर चुन्याची फक्की लादून आणली. सुतळी ताणली, खुंट्या मारल्या आणि माळावर चावडी आखली. लहान चित्र नव्हे, पुरती खऱ्या मापाची चावडी. भिंती, खांब, ओटा, दार, सगळं पांढऱ्या रेघांनी. असं म्हणतात, तिनं सुतळी एकदाच ताणली, तरी चारही कोपरे असे जुळले की सुतारांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला आणि मग मुकाट्यानं पिशवीत ठेवला.

मग तिनं नियम सांगितला. रेघ म्हणजे भिंत. ये-जा दारातूनच. ज्याला अडचण होईल त्यानं बोलायचं, आणि सगळ्यांना पटलं तर त्यानंच आपल्या हातानं नवी रेघ ओढायची.

पहिल्या दिवशी पाटील आले ते थेट रेघ ओलांडून. पोरं ओरडली, "पाटील भिंतीतनं आले! पाटील भूत झाले!" सगळा माळ खदखदून हसला. पाटलांचे कान लाल झाले. ते वळले, बाहेर गेले, वळसा घालून दारातून आले, आणि दारात अडखळले. कारण गिरजा कुंभारीण डोक्यावर गाडग्यांची उतरंड घेऊन त्याच दारातून बाहेर पडत होती आणि दोघं काही त्यात मावेनात. "पाटील," गिरजा म्हणाली, "एक तर तुम्ही बारीक व्हा, नाहीतर दार मोठं करा." पाटलांनी स्वतः चुना उचलला आणि दार हातभर रुंद केलं. लोक सांगतात, त्या दिवशी पाटील पहिल्यांदा लोकांबरोबर हसले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुपारचं ऊन आलं. ओटा सरकला. तिसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, आम्हाला मागून काही ऐकू येत नाही. खांब सरकले आणि बायका पुढं आल्या. चौथ्या दिवशी पाटलांच्या वरच्या मजल्याचा जिना आखला, तर तो सगळ्यांच्या पायात येऊ लागला. दोनदा त्यात ठेचकाळल्यावर पाटलांनीच तो धोतराच्या सोग्यानं पुसून टाकला. दाराचा वाद तर कधी मिटला ते कुणाला आठवतच नाही. दोन्हीकडं दारं झाली आणि मधून असा वारा वाहू लागला की नारबा तिथं बसल्या बसल्या घोरायचा.

आणि मग नवल व्हायला लागलं. तिन्हीसांजेला माळावरून घरी येणारी गुरं रेघेपाशी थबकायची आणि भिंतीला घालावा तसा वळसा घालून जायची. चिमण्या यायच्या आणि जिथं भिंतीचा माथा असायला हवा तिथं, पुरुषभर उंचीवर, रिकाम्या हवेत ओळीनं बसायच्या. असं म्हणतात. मी काही तिथं नव्हतो, पण माझ्या पणजीच्या पणजीनं त्या चिमण्या मोजल्या होत्या. बावीस होत्या.

सातव्या दिवशी सगळी पेठ रेघांच्या आत बसली होती. काही अडचण उरली नव्हती. पाटील म्हणाले, "झालं तर मग. उद्या पाया खणू. कुणाला काही बोलायचंय?"

तेवढ्यात नारबाची म्हातारी आई, जिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिनं विचारलं, "ती धोंडी कुठं बसली आहे? तिचा आवाज येत नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. धोंडाक्का रेघेच्या बाहेर, कडुनिंबाखाली उभी होती. तिच्यामागं ओढ्यापलीकडची सगळी माणसं उभी होती, पिढ्यानपिढ्या उभी राहत आली होती तशीच.

"तू आत का नाही गं?" म्हातारीनं विचारलं.

धोंडाक्का हातावरचा चुना पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "आई, जुन्या चावडीची भिंत माझ्या आजीनं लिंपली, आईनं लिंपली, मी लिंपते. आत कधी बसले नाही. रेघ आखतानाही ते मनात आलं नाही बघा."

पाटील उठले, चुन्याची पाटी उचलली, त्या बाजूची रेघ पायानं पुसली आणि वाकून वाकून नवी रेघ ओढत निघाले. कडुनिंबाच्या पलीकडून, शेवटच्या माणसाच्या मागून त्यांनी ती फिरवून आणली. हात सरावाचा नव्हता, रेघ वेडीवाकडी आली. पण जेव्हा ती पुरी झाली तेव्हा झाड आत होतं, धोंडाक्का आत होती आणि ओढ्यापलीकडची सगळी माणसं आत होती. "बसा, आक्का," पाटील म्हणाले. ती बसली. रडलीही आणि हसलीही, आणि तिच्याबरोबर अर्धी पेठ.

तेव्हाच घाटाकडून वावटळ उठली. ती एवढी मोठी होती की पागोटी उडाली, टोपल्या उडाल्या, एक शेळी उडून गंजीवर जाऊन बसली. लोकांनी डोळे मिटले. आता चुना जाणार! पण असं म्हणतात, वावटळ आखलेल्या चावडीपाशी आली, उगवतीच्या दारातून आत शिरली, माणसांमधून एक हलकी फेरी मारली आणि मावळतीच्या दारातून निघून गेली. रेघेचा एक कणसुद्धा हलला नाही.

तिथून ती थेट जुन्या चावडीवर गेली. कडाड् असा आवाज झाला. तुळई मोडली, छप्पर बसलं, चारी भिंती आत कोसळल्या. धुरळा खाली बसला तेव्हा लोक एकमेकांना मोजू लागले. पोरं मोजली, म्हातारी मोजली. सगळी होती. सगळी पेठ माळावर चुन्याच्या चावडीत सुखरूप बसली होती. मग कुणीतरी डफ आणला, आणि तो दिवस नाचण्यातच गेला.

नवी चावडी चाळीस दिवसांत उभी राहिली. दगड पाटलांच्या मळ्यातून आले, कौलं कुंभारवाड्यातून, आणि माती तुडवायला दोन्ही आळ्या एकाच खड्ड्यात उतरल्या. कडुनिंबाकडची भिंत वेडीवाकडीच बांधायची, असा धोंडाक्काचा हट्ट होता. पाटलांची रेघ तिनं सरळ करू दिली नाही. पुढं ती पुष्कळ जगली. कुणी सांगतं ती करंजपेठेतच गेली, कुणी सांगतं एका पहाटे गाढवं घेऊन घाट चढली आणि ज्या गावात भांडण होतं तिथं अजून रेघा आखते आहे.

करंजपेठेत मात्र आजही घर असो, शाळा असो की देवळाचा ओटा, आधी भुईवर चुन्यानं आखतात आणि आठ दिवस त्यात बसतात. त्याला आक्काची आखणी म्हणतात. आठव्या दिवशी, कुदळ मारायच्या आधी, घरातलं सगळ्यात मोठं माणूस मोठ्यानं विचारतं, "अजून कोण यायचं राहिलंय?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात.

गेल्या वर्षी चावडी पुन्हा नवी करायची ठरली, तेव्हा शहरातून एक तरुण इंजिनिअरीणबाई कागदांची गुंडाळी घेऊन आल्या. लोकांनी त्यांना चहा दिला आणि हातात चुन्याची पाटी दिली. त्या आधी हसल्या. पण आठ दिवस बसल्या, सहा रेघा पुसल्या, आणि आठव्या दिवशी सकाळी चपला काढून मधोमध उभ्या राहिल्या. विचारायचा मान पेठेतल्या म्हाताऱ्यांनी या वेळी त्यांना दिला होता. त्यांनी घसा साफ केला आणि चारी दिशांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अजून कोण यायचं राहिलंय?"