राजेसाहेबांच्या खात्यावरचं उत्तर

कातळवन नावाच्या जंगलात एक सिंह राज्य करायचा आणि बाकीचे प्राणी त्याच्या फोटोंना लाइक करायचे. सगळे सुखात होते. म्हणजे तसं रोज सकाळी मोबाईलवर यायचं.

त्याच जंगलात मंजुळा नावाची अस्वलीण मध विकायची. आधी तिच्याकडे कुत्रंही फिरकायचं नाही. मग तिनं मोबाईलवर दुकानाचं पान उघडलं. रोज पोळ्याचा एक फोटो टाकायचा आणि कुणी काही विचारलं की त्याच दिवशी उत्तर द्यायचं, एवढंच तिचं तंत्र. एकदा साळिंदरानं सगळ्यांदेखत लिहिलं, "मधात मेण निघालं." मंजुळानं लिहिलं, "चूक माझीच, काका. बरणी बदलून देते." आणि दिली. त्या आठवड्यात तिला मध पुरेना.

बातमी दुर्जयसिंह महाराजांपर्यंत गेली. पाणवठा दोन महिन्यांपासून आटला होता आणि निवडणूक तोंडावर आली होती. महाराजांना त्यातल्या निवडणुकीची काळजी होती. त्यांनी मंजुळाला दरबाराचं खातं सांभाळायला बोलावलं.

प्रसिद्धीमंत्री गोमाजी कोल्ह्यानं काम समजावलं. "पाणवठ्याचा फोटो टाकायचा. खाली लिहायचं, 'थेंबाथेंबात विकास'."

"पण तिथे पाणी नाहीये, साहेब."

"म्हणून तर फोटो. पाणी असतं तर लोक जाऊन प्यायले नसते का?"

दोन वर्षांपूर्वीचा फोटो गेला. कातळवनात प्राणी चारशे, संध्याकाळपर्यंत लाइक आले नऊ हजार. मंजुळा चक्रावली.

"वारुळातल्या मुंग्यांना खाती काढून दिलीत," गोमाजी म्हणाला. "कष्टाळू जमात आहे."

तेवढ्यात फोटोखाली यमुना हरिणीनं लिहिलं, "हा कुठला पाणवठा? माझं पाडस दोन दिवस चिखल चाटतंय." पाचव्या मिनिटाला मुंग्यांनी तिला जंगलद्रोही ठरवलं. सातव्या मिनिटाला तिला शेजारच्या जंगलात जायला सांगितलं.

"हिला ब्लॉक कर," असं म्हणून गोमाजी सभेला निघून गेला.

यमुना मंजुळाच्या गुहेशेजारी राहायची. ते पाडस मंजुळाच्या पाठीवर बसून मोठं झालं होतं. तिनं नख 'ब्लॉक'वर नेलं आणि तिथेच थांबली. मग दुकानात करायची तेच तिनं दरबाराच्या खात्यावरून केलं. लिहिलं, "ताई, तुमचं बरोबर आहे. पाणवठा कोरडा आहे. चूक आमची." मनावरचं ओझं उतरलं.

तासाभरात सगळं जंगल राजगुहेसमोर जमलं. आता पाण्याचं काहीतरी होणार, असं मंजुळाला वाटलं. महाराज कातळावर चढले.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आजवर कुठल्या सिंहानं पाणवठा कोरडा असल्याचं मान्य केलं होतं? आम्ही केलं. छातीठोकपणे केलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. यमुनाही वाजवायला लागली, जरा उशिरा.

अफवा पसरवल्याबद्दल मंजुळाला काढून टाकण्यात आलं आणि तिच्या दुकानाचं पानही बंद झालं. तिच्या वाक्याचे मात्र झाडोझाड फलक लागले, खाली महाराजांचा हसरा फोटो. निवडणुकीत महाराजांना सव्वानऊ हजार मतं पडली.

मंजुळा आता दारोदार फिरून मध विकते. यमुना पाडसाला घेऊन शेजारच्या जंगलातल्या ओढ्यावर गेली, ती परतली नाही. पाण्याचं काय झालं, असं विचारायला अजूनही कुणी दरबारात जातं. गोमाजी त्याला बसायला सांगतो आणि अदबीनं म्हणतो, "अहो, कबूल केलंय ना."