करवंद नावाचे पाडस

घाटउतारावरील एका दाट राईत चितळांचा कळप राहत असे, आणि त्याच राईतील सर्वांत उंच सादड्याच्या झाडावर एक वृद्ध वानर राहत असे. दोघांत पूर्वापार ठरलेले होते. चितळांनी वाऱ्यावरचा वास घ्यावा, वानराने दूरवर पाहावे. शत्रू दिसला की वानर खाकरून ओरडे, आणि ज्याच्यावर संकट आले असेल त्याचे नाव घेऊन त्याला सावध करी. मुलांनो, ध्यानात घ्या, त्या कळपात नाव हा दागिना नव्हता. नावावर जीव टिकत असे.

म्हणून पाडस बारा दिवसांचे झाले की सारा कळप सादड्याखाली जमे. आत्या पाडसाच्या कानात नाव सांगे, मग आई ते मोठ्याने उच्चारी, आणि वानर ते तीनदा म्हणून पाठ करी. गेल्या वर्षी पवन नावाच्या पाडसाने रानकुत्र्यांना चकवून ओढा एका उडीत पार केला होता. तेव्हापासून राईत दुसरे नाव कोणाला सुचेना. या वर्षी सात पाडसे जन्मली आणि सातही पवन झाली. आठवे पाडस एका तरुण हरिणीला करवंदीच्या जाळीआड झाले. ते तिचे पहिलेच. पाय लटपटणारे, कान अंगापेक्षा मोठे, आणि नाक पिकल्या करवंदासारखे काळेभोर व सदा ओले.

बाराव्या दिवशी हरिणीची थोरली नणंद पुढे आली. ती मोजके बोलणारी, देवभीरू हरिणी होती. तिने पाडसाला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "याचं नाव करवंद ठेवू या."

कळपात हशा पिकला. "करवंद! उद्या कोणी आवळा ठेवील," एक शेजारीण म्हणाली. दुसरी म्हणाली, "आणि सून आणतील ती चिंच!"

तरुण हरिणी ओशाळली. "वन्सं, असं नाव कोणाचं ऐकलंय का तुम्ही? लोक हसतात बघा. पवन कसं ओळखीचं वाटतं. तोंडात बसलेलं आहे सगळ्यांच्या."

"तोंडात बसलंय, कारण सातदा ठेवलंय," नणंद म्हणाली. "अगं, परमेश्वराने एकाही पाडसाचे ठिपके दुसऱ्यासारखे मांडले नाहीत. एवढे कष्ट त्याने घेतले. तू नावापुरते तरी घे."

"माझं पाडस आधीच अशक्त आहे, वन्सं. नावाने तरी ते चारचौघांत शोभू दे."

तिचे डोळे भरून आलेले पाहून नणंदेने वाद वाढवला नाही. "आई तू आहेस. लोकांत तू तुझं सांग. कानात मात्र मी माझं सांगणार. तो आत्याचा मान आहे." असे म्हणून तिने त्या मोठ्या कानाशी तोंड नेले. पाडसाने कान झटकला आणि तिच्या गालाला ओले नाक लावले. मग आईने मोठ्याने "पवन" म्हटले. वानराने वरून विचारले, "पुन्हा तेच का, बाई?" आणि सुस्कारा टाकून तीनदा पाठ केले.

पुढचे दिवस कसे गेले, ते सांगतो. हरिणी दूध पाजायला "पवन" म्हणून हाक मारी, तेव्हा आठ पाडसे धावत येत. तिचे सर्वांत मागून येई आणि बाकीच्यांच्या पायांत अडखळे. दुसऱ्या आया हाक मारीत, तेव्हाही ते धावत जाई, आणि "तू नव्हेस रे, आमचा पवन!" असे ऐकून परत येई. हळूहळू ते शहाणे झाले. पवन अशी हाक आली की ती दुसऱ्या कोणाला तरी असणार, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. आणि आई? जाळीआड दोघेच असताना, त्याचे अंग चाटता चाटता तिच्या तोंडून आपोआप निघे, "माझं करवंद ते." मग कोणी ऐकले तर नाही ना, म्हणून ती इकडेतिकडे पाही. पाडस मात्र त्या हाकेला दर वेळी ओले नाक वर करी.

एके सकाळी कळप ओढ्याकाठी चरत होता. वारा उलटा वाहत होता, म्हणून कोणाला वास आला नाही. वानराला मात्र गवतात बिबट्याची पाठ दिसली. समोरच ते आठवे, सर्वांत धाकटे पाडस एका बेडकाकडे टक लावून उभे होते.

"पवन!" वानर कडाडला. "मागे बिबट्या आहे! पळ!"

सात पाडसे आपापल्या आयांकडे उधळली. गेल्या वर्षीचा थोरला पवनही ओढा ओलांडून गेला. धाकट्याने मान वर केली, सगळे पळताना पाहिले, आणि पुन्हा बेडकाकडे पाहिले. हाक दुसऱ्याला होती.

"अरे, तो नव्हे! धाकटा पवन!" वानर फांदी हलवीत ओरडला. "ठिपक्यांचा पवन! अरे देवा, ठिपके तर सगळ्यांनाच आहेत. ओढ्याजवळचा पवन!" ओढ्याजवळ आणखी तीन पवन होते. ते तिघे अधिकच पळाले. बिबट्याने पाय आवळले.

तरुण हरिणीने ते पाहिले. लोक काय म्हणतील, हे तिच्या मनातही आले नाही. ती साऱ्या राईला ऐकू जाईल अशी ओरडली, "करवंदा! माझ्याकडे ये!"

पाडस जागच्या जागी उसळले आणि आवाजाच्या दिशेने झेपावले. त्याच क्षणी बिबट्याचा पंजा पडला. नखांत ओली माती आली आणि शेपटीचे चार केस आले. कळप एकजुटीने खुरे आपटीत पुढे सरसावला, वानराने वरून सुकी फांदी मोडून टाकली, आणि बिबट्या गुरगुरत गवतात शिरला.

हरिणी पाडसाला कितीतरी वेळ चाटत राहिली. नणंद जवळ आली, तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, चुकलं माझं."

"नाव वाईट नव्हतं," नणंद म्हणाली. "पण ते दुसऱ्याच्या उडीचं होतं. त्याच्या नाकाचं नव्हतं." आणि तिने पाडसाला हुंगले.

वर्ष सरले. करवंद वाचल्याची गोष्ट राईभर झाली. नव्या हंगामात पाच आया आपापली पाडसे घेऊन सादड्याखाली आल्या. ज्या शेजारणीने आवळ्याचा विनोद केला होता, तीच सर्वांत पुढे होती. "आत्याबाई, आमच्या पाडसाचंही नाव करवंद ठेवा. फार गुणाचं नाव निघालं!" बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या.

वानराने कपाळाला हात लावला. "मी झाड सोडून जातो," तो म्हणाला.

करवंदाच्या आत्याने शेजारणीला एवढेच विचारले, "तुझ्या पाडसाचा डावा कान कसा आहे?"

शेजारणीला सांगता येईना. मग ती मागे वळली, आणि बारा दिवसांत प्रथमच तिने आपल्या लेकराकडे सावकाश पाहिले. डावा कान टोकाशी पानासारखा दुमडलेला होता. ती त्याला चाटू लागली आणि नावाचे विसरूनच गेली. वानर फांदीवर पुन्हा नीट बसला. त्याला घाई नव्हती.

तात्पर्य : लेकराचे नाव ठेवण्यापूर्वी लेकराकडे पाहावे. गाजलेले नाव कोणालाही उचलता येते. पण संकटात ओठांवर येते ते मायेने दिलेले नाव, आणि लेकरू ओळखते तेही तेच.