दोरीचं दुसरं टोक

आमच्या परसाच्या कुडापलीकडेच गेनूभाऊ जहागीरदारांचे शिकारी कुत्रे शिकवायचे. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. नाही आलं तर मी कुडाजवळ जायची.

एकदा उमाजीराव जहागीरदार पाहुण्यांना घेऊन आले. म्हणाले, "झिपऱ्या वर्षाचा झाला. उद्या त्याला तित्तिरांच्या शिकारीला न्यायचा."

"सरकार, अजून कच्चा आहे. बार ऐकला की हुकमाआधीच धावतो. कुणाच्या तरी बंदुकीपुढं जाऊन मरेल पोर."

"मी तयार म्हणतोय ना? आता तू मला शिकवणार?"

पाहुणे हसले. गेनूभाऊंनी झिपऱ्याच्या गळ्यात लांब दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक अदबीनं पुढं केलं.

"मग उद्या हे आपल्या कमरेला बांधा, सरकार. तयार कुत्रा बार ऐकून जागचा हलत नाही. आपल्याला साधा हिसकासुद्धा बसायचा नाही."

तेवढ्यात कुडाआड माझ्या हातून परात दगडावर आपटली. झिपऱ्या उधळला आणि दोरी धरलेले गेनूभाऊ थेट शेणाच्या ढिगात जाऊन पडले.

जहागीरदारांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र तुमानीकडे पाहिलं. "पुढच्या हंगामात बघू," म्हणाले.

परात निसटली की मी सोडली, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.