रहाटावरची न्याहारी

एकदा एका उजाड माळावर विहीर खोदली जात होती. त्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन गावांच्या मध्ये कोठेही पाणी मिळत नसे. म्हणून एका सधन व्यापाऱ्याने तेथे धर्मशाळा बांधायला घेतली होती आणि तिच्या अंगणातील विहिरीचे काम एका वृद्ध कारागिराकडे सोपवले होते. उभा जन्म भूमीच्या पोटात उतरण्यात गेलेला तो माणूस. आता त्याचे गुडघे कुरकुरत, त्यामुळे तळाशी उतरण्याचे काम त्याचा तरुण शिष्य करी आणि तो स्वतः काठावर बसून खडकाच्या आवाजाकडे कान लावी.

शिष्य अंगाने दणकट होता. परंतु विहीर जसजशी खोल गेली, तसतसे एक भय त्याच्या मनात घर करून बसले होते आणि ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते. तळाशी उभे राहून वर पाहिले की आकाश ताटाएवढे दिसे. तो पहारीने खडक फोडी, दगड पाटीत भरी आणि दोर हलवून खूण करी. वर रहाटाच्या दोन दांड्यांवर बहिरू आणि खंडू हे दोन गडी उभे असत. ते रहाट फिरवू लागले की दगडांनी भरलेली ती पाटी त्याच्या डोक्यावरून वर जाई. ती काठाला लागेपर्यंत तो कडेच्या खडकाला पाठ टेकून, श्वास रोखून उभा राही. खाली लपायला जागा नव्हती.

एके दिवशी तळाचा खडक ओलसर लागला. पाण्याचा झरा जवळ आला होता. ही वार्ता ऐकून व्यापारी हर्षित झाला आणि सगळ्या गड्यांना म्हणाला, "उद्यापासून घरून भाकरी बांधून आणू नका. सकाळी सकाळी इकडंच या. तुमचं तोंड मी गोड करीन, दुपारचं जेवणही माझ्याकडं. तेवढाच वेळ वाचेल आणि काम लवकर होईल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिलबीची परात आली, गुळाचे सरबत आले. गडी खुशीत खात होते. वृद्ध कारागीर आणि त्याचा शिष्य माळावरच खोपट घालून राहत असत. त्यांनी आपली नेहमीची न्याहारी केली. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, वर वाटीभर ताक. शिष्याचा डोळा त्या परातीकडे होता, पण गुरूसमोर तो आपली भाकरीच मोडत राहिला.

त्या दिवशी सकाळी पाट्या भराभर वर गेल्या. रहाट असा कधी फिरलाच नव्हता. मग ऊन चढले. शिष्याने एक पाटी भरली, दोर हलवला आणि खडकाला पाठ लावली. पाटी निम्म्यावर गेली आणि थांबली. ती गिरकी घेत तशीच लोंबकळत राहिली. वरून कोणी काही बोलेना. आणि एकाएकी दोर सैल झाला.

पाटी त्याच्या पावलांशेजारी आदळली. दगड चहूकडे फुटले. एक कपची त्याच्या कानाला चाटून गेली. धूळ बसली तेव्हा तो ओंजळीत तोंड धरून उभा होता आणि त्याचे पाय हलत नव्हते. त्याला दोराने बांधूनच वर काढावे लागले.

वर आल्यावर त्याला वाचा फुटली. बहिरूकडे बोट करून तो म्हणाला, "ह्यानं दांडी सोडली. ह्याला माझ्या जिवाची फिकीर नाही. हा रहाटावर असेल तर मी खाली जायचा नाही."

बहिरू खाली मान घालून उभा होता. "मुद्दाम नाही सोडली," तो म्हणाला. "हातातला जोर कुठं गेला ते मलाच कळलं नाही."

"सकाळी काय खाल्लं होतंस?" वृद्धाने विचारले.

"शेठजींनी दिलेली जिलबी. चांगली पोटभर."

शिष्याला हा प्रश्न अगदीच अस्थानी वाटला. गलका ऐकून आलेल्या व्यापाऱ्याने मात्र वेळ न दवडता बहिरूला घरी पाठवून दिले. वृद्ध काठाशी गेला. तळाशी पडलेल्या फुटक्या पाटीकडे तो पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य विहिरीच्या काठापर्यंत गेला आणि परत फिरला. "बाबा, माझ्यानं उतरवत नाही," तो म्हणाला. "खाली बघितलं की ती पाटीच डोळ्यांपुढं येते."

"बरं," वृद्ध म्हणाला. "आज मी उतरतो. तू बहिरूच्या जागी रहाटावर उभा राहा. आणि आज तुझी भाकरी राहू दे. ती परात आली आहे ना, तीच खा."

शिष्य गोंधळला. गुरूने इतकी वर्षे त्याला भाकरीशिवाय कधी कामाला लावले नव्हते. त्यातून त्या वयात, त्या गुडघ्यांनी खाली उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होता. त्याने विरोध केला, पण वृद्धाने ऐकले नाही. त्याने खंडूला खोपटात नेऊन त्याच्याशी काही बोलून घेतले, कंबरेला दोर बांधला आणि तो अंधारात उतरला.

शिष्याने मनसोक्त जिलबी खाल्ली आणि दांडी धरली. अंगात हुशारी आली होती. पहिल्या पाट्या त्याने इतक्या सहज ओढल्या, की बहिरूबद्दलचा त्याचा तिरस्कार आणखी वाढला. यात हात सुटण्यासारखे काय आहे, असे त्याला वाटले.

ऊन चढू लागले. प्रथम त्याला नुसती तहान लागल्यासारखे झाले. मग पोटात एक पोकळी जाणवू लागली. ती पसरत पसरत खांद्यांपर्यंत आली. कपाळावर घाम आला आणि तो थंड होता. कानांत गुणगुण सुरू झाली. रहाटाची दांडी त्याला उलट ढकलू लागली, जणू खालून कोणी दोर ओढते आहे.

पाटी निम्म्यावर होती. त्याने खाली पाहिले. पाटीच्या खाली, त्या काळोखात, गुरूचे पांढरे मुंडासे कापसाच्या बोंडाएवढे दिसत होते. म्हातारा खडकाला पाठ लावून स्थिर उभा होता.

शिष्याची बोटे थरथरू लागली. त्याने ती आवळली, तर ती आवळतच नव्हती. आपल्याच हाताची बोटे आपले ऐकत नाहीत, असे त्याने याआधी कधी अनुभवले नव्हते. सांगावे का? काल ज्याला चारचौघांत नालायक ठरवले, त्याच्याच जागी उभे राहून, तेच बोलावे? एवढी एक पाटी वर गेली की थांबू, असे त्याने ठरवले. तेवढ्यात दांडी त्याच्या तळहातातून घसरली. पाटी हातभर खाली गेली आणि तिच्यातले खडे सुटून तळाशी साचू लागलेल्या पाण्यावर टपटपले.

खालून आवाज आला नाही.

त्या क्षणी जे भय शिष्याला वाटले, ते कालच्या भयाहून वेगळे होते. काल त्याचा स्वतःचा जीव गेला असता. आज त्याच्या हातून दुसऱ्याचा जाणार होता. तो ओरडला, "खंडू, धर. माझा हात गेला."

खंडूने दांडीवर छाती टाकली. पाटी थांबली. मग खंडूने ती एकट्याने, हळूहळू, काठाशी आणली आणि अडसर लावला. शिष्य तेथेच जमिनीवर बसला आणि त्याला रडू कोसळले. थोड्या वेळाने धर्मशाळेच्या भिंतीवरच्या आणखी दोन गड्यांना बोलावून त्यांनी वृद्धाला वर घेतले. त्याच्या खांद्यावर खड्याचा एक ओरखडा होता, बाकी तो सुखरूप होता.

त्याने शिष्यासमोर भाकरीचे फडके सोडले. "आधी खा. मग बोलू."

शिष्याने भाकरी मोडली.  मटकी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सावकाश पोटात गेली तसा त्याचा श्वास जागेवर आला.

"काल तुला बहिरूचं भय वाटलं," वृद्ध म्हणाला. "आज कोणाचं वाटलं?"

"माझंच," शिष्य म्हणाला.

"बहिरूनं दोन दिवसांपूर्वीपर्यंत हाच दोर ओढला, तेव्हा एकदाही हात सुटला नाही. तेव्हा तो घरून बाजरीची भाकरी खाऊन आणि हुलग्याच्या पिठाचं दाट माडगं पिऊन येत होता. ते अन्न पोटात हळूहळू जिरतं, दुपारपर्यंत माणसाला धरून ठेवतं. साखर वाळल्या गवतासारखी पेटते आणि तशीच विझते, आणि विझताना सांगत नाही. आज खंडूला मी खोपटात भाकरी खाऊ घातली होती आणि सगळा भार स्वतःवर घ्यायला सांगितलं होतं. म्हणून मी वर आलो. पोरा, एकट्यानं काम करणाऱ्याची भूक त्याची एकट्याची असते. रहाटावरच्या माणसाची भूक खालच्याच्या डोक्यावर लोंबकळत असते. आपण काय खाऊन कामाला उभे राहतो, हे त्याच्यासाठीही बघावं लागतं."

एवढ्यात व्यापारी आला. रहाट थांबलेला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. "सकाळी पोटभर दिलं होतं की सगळ्यांना. आता पुन्हा कसलं खाणं?"

"शेठजी, तुमचं मन मोठं आहे," वृद्ध शांतपणे म्हणाला. "एक विनंती आहे. झरा लागलाय, तो डोळ्यांनी पाहायला खाली उतरता का? हे भिंतीवरचे दोन गडी तुम्हाला खाली सोडतील. सकाळपासून जिलबीवरच आहेत."

व्यापाऱ्याने काठावरून आत डोकावले. खालून थंड, कुबट हवा वर येत होती. त्याने एकदा दोराकडे पाहिले, एकदा गड्यांच्या हातांकडे, आणि तो दोन पावले मागे सरला.  मग त्याने आपल्या माणसाला हाक मारली आणि सांगितले, "उद्यापासून ज्वारी दळून आणा. आणि हरभरे भिजत घाला."

संध्याकाळी व्यापाऱ्याला विचारून शिष्य बहिरूला परत बोलवायला त्याच्या घरी गेला. बहिरू ओट्यावर बसला होता. त्याने शिष्याला बसायला घोंगडी दिली, पण कामावर यायला तो तयार होईना. "माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही," तो म्हणाला. "तू खाली असशील आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"आज माझाही हात सुटला," शिष्य म्हणाला. "खाली बाबा होते."

बहिरूने त्याच्याकडे पाहिले. आतून त्याच्या बायकोने दोघांची पाने वाढली. जेवून उठताना बहिरू म्हणाला, "सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी शिष्य विहिरीत उतरला. भय गेले नव्हते. तळाशी पाय टेकताच ते पुन्हा दाटून आले आणि त्याने पहार घट्ट धरली. वर बहिरू आणि खंडू होते. पाट्या जाऊ लागल्या. ऊन चढले, ताटाएवढ्या आकाशात पांढरा उजेड भरला, आणि मग एक रिकामी पाटी खाली येऊन टेकली आणि रहाट थांबला.

"दम धर रे," वरून बहिरूचा आवाज आला. "फुटाणे खातोय."

"खा सावकाश," शिष्य म्हणाला, आणि घोटाभर पाण्यात, त्या अंधारात, वाट पाहत उभा राहिला.