म्हशीवर आधी कोण जाणार?

एकदा एक म्हातारा होता आणि त्याच्याकडे एक खडू होता. इतर गोष्टींतल्या म्हाताऱ्यांकडे दाढी असते, कमंडलू असतो, झाडाखाली बसायची सवय असते. हा झाडाखाली बसला असता तर डोक्यात नारळ पडला असता, म्हणून तो उपड्या होडीच्या सावलीत बसायचा. दाढी नव्हती, दात जेमतेम होते. पण त्याच्या खडूला अख्खा किनारा वचकून होता.

किनारा कोकणातला. समोर पाण्यात एक लांबलचक खडप आहे, म्हणजे खडकाचा पट्टा. सुकतीला पाणी ओसरलं की त्याची काळी पाठ वर येते आणि लांबून बघितलं तर डबक्यात म्हैस बसल्यासारखी दिसते. म्हणून तिचं नाव म्हैस. भरतीला म्हैस बुडते आणि तिच्या पाठीवर अशी काही लाट उभी राहते, की लांबलांबच्या शहरांतली माणसं काखेत बोर्ड मारून तिच्यावरून घसरायला येतात. याला सर्फिंग म्हणतात. गावात याला पैसे देऊन आपटणं म्हणतात.

म्हातारा जुना तांडेल, होडीचा कप्तान. जन्मात कधी त्या बोर्डावर उभा राहिला नाही. पण चाळीस वर्षं होडी हाकताना त्याने ती लाट रोज टाळली होती, आणि जी गोष्ट माणूस रोज टाळतो ती त्याला तोंडपाठ असते. घ्या, शाळेतल्या गणिताच्या सरांचा रस्ता आठवून बघा.

तर हा तांडेल रोज सकाळी होडीच्या एका काळ्या रंगवलेल्या पाटीवर म्हशीचा अंदाज लिहायचा. 'आज म्हैस बसलेली. घरी जा.' किंवा 'लाट कमरेएवढी. वारा मतलई. बारानंतर खारा वारा सुटेल, मग आंघोळ होईल, सर्फिंग नाही.' एवढंच. आणि तसंच व्हायचं.

या तांडेलाचा एक शिष्य होता, दिगू. गोव्याला चार महिने राहून सर्फिंग शिकून आलेला. येताना केस पिवळे करून आणले होते, गळ्यात शिट्टी होती, आणि मोबाइलमध्ये असं एक अ‍ॅप होतं जे पुढच्या दहा दिवसांच्या लाटांना स्टार द्यायचं. हॉटेलांना देतात तसे. दिगूला एकच गोष्ट हवी होती. तांडेलाचा खडू.

त्या वर्षी कोजागरीच्या सुमाराला तांडेलाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लागली. रविवारी दुपारच्या एसटीने लेकीकडे जायचं, तिथून इस्पितळात.

"दिगू," तांडेल शुक्रवारी म्हणाला, "मला आता लाट दिसत नाय, नुसती ऐकू येते. रविवारचा अंदाज तू लिही. जमला तर खडू तुझा."

"जमला तर?" दिगू म्हणाला. "तांडेल, माझ्याकडे सॅटेलाइट आहे."

"कुठे ठेवलायस?"

"वर असतो तो."

"बरं," तांडेल म्हणाला. "तुझं लक्ष असू दे, पडेल बिडेल."

रविवारी लॉजवाल्या शेटकडे पुण्याचे बारा जण उतरणार होते. शेटनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं, की सकाळी सातला लाट आणि नऊला घावन-चटणी. दिगूने मोबाइल बघितला आणि पाटीवर झोकात लिहिलं:

'रविवार, सकाळी ७. लाट सहा फूट. वारा मस्त. पाच स्टार. बिनधास्त या!!!'

तांडेलाने पाटीला नाक लावून सगळं वाचलं. एक अक्षर पुसलं नाही. फक्त खाली एक ओळ वाढवली आणि चहाला निघून गेला. ओळ अशी होती:

'पहिला दिगू जाईल.'

दिगू धावत मागे गेला. "तांडेल, हे काय लिहिलंत?"

"अंदाज."

"हा अंदाज नाय. हे माझं नाव आहे."

"तेवढंच राहिलं होतं," तांडेल म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

आता खरी गोष्ट सांगायची तर दिगू पहिला जाणार नव्हताच. तो दुसराही जाणार नव्हता. त्याचा बेत असा, की आपण वाळूत उभं राहायचं, शिट्टी वाजवायची, व्हिडिओ काढायचा. पण आता पाटीवर नाव लागलं होतं, आणि पाटी अख्खा गाव वाचतो. ज्यांना वाचता येत नाही ते दुसऱ्याकडून वाचून घेतात आणि त्यात आपली भर घालतात. संध्याकाळपर्यंत बातमी दिगूच्या घरी पोचली.

"पहिला म्हणजे?" आई बांगडा उलटत म्हणाली. "तुझ्या पुढे कोणीच नाय?"

"पहिला म्हणजे पहिला, आई."

"म्हणजे खाली काय आहे ते आधी तुलाच कळणार."

"खाली काय असणार? पाणी."

"बरं," आई म्हणाली, आणि न मागता त्याच्या ताटात दुसरा बांगडा वाढला. आईने न मागता दुसरा बांगडा वाढला की माणसाने काय ते समजून जायचं.

शनिवारी सकाळी सातला दिगू किनाऱ्यावर हजर. पाय मोकळे करायला, असं त्याने वाटेत भेटलेल्या तिघांना सांगितलं. समोर बघतो तर म्हैस पाण्याबाहेर! नुसती पाठ नाही, पोटही. आणि तिच्या पाठीवर ऐसपैस बसून बायजाकाकी कोयतीने कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले, फोडत होती. पाणी कुठे होतं? काकीच्या घोट्याला.

"ये रे सोनेरी!" काकी ओरडली. "बोर्ड नाय आणलास? ये, इथे टेकव, टोपली ठेवायला बरा पडेल."

"काकी," दिगू खडकावर तोल सावरत म्हणाला, "उद्या सातला इथे किती पाणी असेल?"

"आज आहे तेवढंच. उद्या द्वितीया. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ, दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला पुरती सुकती." तिने एक कालव तोंडात टाकलं. "पाटीवर तर तू सहा फूट लाट लिहिलीयस म्हणे."

"येणार आहे ना. सॅटेलाइट सांगतो."

"येऊ दे की. लाट वरून येईल, पाणी खाली नसेल. मी काय उद्या इथे बसायची नाय. पण खडप इथेच असणार हो, ते कुठे जात नाय."

दिगूने मोबाइल काढला. वर पाच स्टार चमकत होते. बोटाने खाली सरकवलं, अजून खाली, आणि सगळ्यात तळाला एक निळी रेघ निघाली, भरती-ओहोटीची. ती रविवारी साडेसातला पार जमिनीला टेकलेली. रेघ पहिल्यापासून तिथेच होती. पण स्टार वर असताना खाली कोण जातंय?

सहा फुटांची लाट, घोटाभर पाणी, खाली कालवांच्या सुऱ्या आणि पहिला दिगू. त्याने डोळ्यांसमोर चित्र आणून बघितलं आणि मटकन खाली बसला. नेमका कालवांवर. अंदाजाचा पहिला अनुभव तिथेच आला.

त्या दिवशी दिगू घरी जेवायलाही गेला नाही. एक बांबू घेतला, त्यावर वीतवीत अंतरावर खुणा केल्या आणि म्हशीच्या पाठीवर पाणी कधी किती चढतं ते दर अर्ध्या तासाने बघत बसला. डाव्या टोकाला पायाचा तळवा कापला, तेव्हा कळलं की डावं टोक वाईट. वारा कधी फिरतो ते बघायला लॉजच्या दोरीवरची शेटची लुंगी बरी पडली. सकाळभर ती समुद्राकडे फडफडत होती. बाराला जरा थबकली आणि मग उलटी गावाकडे फडफडायला लागली. शेटच्या कुठल्याही वस्तूचा गावाला झालेला तो पहिला उपयोग.

दुपारी उशिरा दिगू पाटीपाशी आला. पायाला फडकं, केसांत मीठ, शिट्टी कुठेतरी हरवलेली. जुना अंदाज पुसून त्याने लिहिलं:

'रविवार. सातला नको, म्हैस उघडी असेल. साडेदहा ते बारा. लाट डोक्याएवढी, बहुतेक. बारानंतर खारा वारा, मजा संपली. डाव्या टोकाला कालवं आहेत, खात्री करायची तर माझा पाय बघा. पहिला मी.'

तांडेल शेजारी येऊन उभा राहिला. "वाच," म्हणाला. दिगूने वाचलं.

"तांडेल," दिगू मग जरा रागाने म्हणाला, "सुकती आहे हे तुम्हाला शुक्रवारीच ठाऊक होतं. तेव्हाच का नाय सांगितलंत?"

तांडेल होडीला टेकून खाली बसला. गोष्टीतला म्हातारा इथे बोलतो. हाही बोलला, पण आधी त्याने तंबाखू मळली.

"सांगितलं असतं तर तुला रविवारची सुकती कळली असती. सोमवारी पुन्हा मला विचारायला आला असतास. झिला, तुझा अंदाज खोटा नव्हता. लाट येणार, वारा चांगला असणार, सगळं खरं. पण तो तू पुण्याच्या बारा जणांच्या पायांसाठी लिहिला होतास. दुसऱ्याच्या पायाखालचा खडक आपल्याला टोचत नाय, म्हणून तो दिसतही नाय. मी खडक नाय दाखवला. तो फक्त तुझ्या पायाखाली सरकवला. मग तू काकीला विचारलंस, बांबू रोवलास, लुंगी बघितलीस. मोबाइलसुद्धा पहिल्यांदा पुरता वाचलास. कालचाच समुद्र आणि कालचाच दिगू. मधे एक ओळ वाढली, बस."

दिगूने पायाचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. पाय ठणकत होता, त्यामुळे मुद्दा नीट पटत होता.

रविवारी सकाळी पावणेसातला शेट पाटीपाशी आले आणि वाचून लालबुंद झाले. मागे बारा पुणेकर बोर्ड घेऊन उभे. त्यातला एक दातांचा डॉक्टर, तो आधीच हातपाय झटकून व्यायाम करत होता.

"साडेदहा?" शेट गरजले. "नऊला माझी घावनं आहेत! सातचं बुकिंग आहे! कोण हा पोरगा समुद्राचं टायमिंग बदलणारा?"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पाटी पुसली, दिगूच्या हातातला खडू हिसकला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सात वाजता. उत्तम.'

दिगू तोंड उघडणार तेवढ्यात तांडेल काठी टेकत आला. "काय लिहिलंय रे?"

"शेटनी लिहिलंय. सात वाजता. उत्तम."

"अरे वा," तांडेल म्हणाला. "खडू बघू शेट, एक मिनिट." आणि मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी, वाकड्यातिकड्या अक्षरांत, पण मान देऊन लिहिलं:

'पहिले शेट जातील.'

बारा माणसांनी ते वाचलं आणि शेटकडे बघितलं. दातांचा डॉक्टर फार सभ्य होता. त्याने आपला बोर्ड पुढे केला. "घ्या ना. माझा जरा रुंद आहे, तुम्हाला बरा पडेल."

शेटनी कितीतरी वर्षांनी समुद्राकडे तोंड केलं. गल्ल्यावर बसलं की समुद्र पाठीमागे येतो ना. तेवढ्यात ती आली, दिगूच्या सॅटेलाइटने सांगितलेली सहा फुटांची लाट. पुरती वर चढली, तिच्या खालचं होतं नव्हतं ते पाणी तिनेच ओढून घेतलं, म्हशीची काळी पाठ कालवांसकट उघडी पडली आणि तिच्यावर लाट अशी आदळली की किनाऱ्यावरच्या बोर्डांना कंप सुटला.

बारा जण दोन पावलं मागे सरकले. शेट चार.

"साडेदहा!" शेट ओरडले. "मी मघापासून काय सांगतोय? साडेदहा! आधी घावनं! चला, गरम आहेत!"

साडेदहाला दिगू फडकं बांधलेल्या पायाने पाण्यात शिरला. पहिला. किनाऱ्यावर बारा जण, तांडेल, बायजाकाकी आणि जरा मागे उभी असलेली आई. पहिल्या लाटेने त्याला उलटा केला. काकी एवढी हसली की टोपली सांडली. दुसऱ्या लाटेवर तो उभा राहिला आणि म्हशीच्या पाठीवरून, अंगाखाली चांगलं कंबरभर पाणी घेऊन, पार शेपटीपर्यंत गेला. मग त्याने हात हलवला आणि मागून बारा जण आत आले. डावीकडे कोणी गेलं नाही. पुण्याला सगळ्यांचे गुडघे साबूत गेले, डॉक्टरचे दातही.

बाराला लुंगी फिरली. सगळे बाहेर आले. दिगू निथळत पाटीपाशी गेला, अंदाज पुन्हा लिहून काढला, त्यातलं एक काहीतरी खोडलं आणि मग खडू तांडेलापुढे धरला. तांडेल पिशवी घेऊन एसटीला निघाला होता.

"घ्या," दिगू म्हणाला. "नाय जमला."

"काय झालं? मला दिसत नाय, सांग."

"लाट डोक्याएवढी लिहिली होती. आली छातीभर. खोडून छातीभर लिहिलंय."

"चूक कोणाची?"

"माझी."

"कोणी खोडायला सांगितलं?"

"कोणी नाय."

तांडेलाने खडू घेतला नाही. दिगूची ओली मूठ खडूवर मिटवली, वरून दोनदा थोपटली आणि एसटी स्टँडकडे चालू लागला. खडू पार भिजून गेला. दिगूने तो उन्हात होडीवर वाळत ठेवला आणि शेजारी राखण करत बसला.

ती पाटी अजून आहे. लाट, वारा, भरती सगळं रोज लिहिलं जातं आणि सगळ्यात खाली एक नाव असतं, आधी जाणाऱ्याचं. ज्या दिवशी नावाची जागा रिकामी असते, त्या दिवशी वर कितीही चांगलं लिहिलेलं असो, पाण्यात कुत्रंसुद्धा उतरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुम्हाला कोणी 'काही होत नाही, बिनधास्त जा' म्हणालं, तर वाद घालू नका. गोड हसा, आणि त्याच्या हातात खडू द्या.