येसूमायचे शेवटचे शब्द

"ते राहू दे. मी मेले कशानं, तेवढं सांग."

"माय, तसं नाही…"

"तसंच आहे. मुलाखतीत म्हणालास ना, आमची माय वारली? मग कशानं वारली?"

प्रज्योतनं मान खाली घातली. "साप चावून."

"कुठला?"

"मण्यार."

"नाग नव्हता मिळाला?"

"मण्यार चावल्याचं कळत नाही, माय. माणूस झोपेतच… म्हणून मग गावात डॉक्टर हवा होता असं जास्त वाटतं. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं."

येसूमाय माझ्याकडे वळली. "ऐकलंस का गं? मला कळलंसुद्धा नाही."

मी चवळीच्या शेंगा सोलत होते. भांडणात पडायचं नाही असं ठरवलं होतं. मी पडले की ते लांबतं.

धामणदरीच्या टेकडीवरचा हा मठ. येसूमाय इथली गुरू, मी तिची शिष्या. प्रज्योत हा खालच्या गावातल्या दिनकरराव गव्हाण्यांचा एकुलता एक. बोट धरून वर यायचा तेव्हापासून मायनं त्याला शिकवलं. पाढे शिकला, श्वास धरायला शिकला, गप्प बसायला मात्र नाही शिकला. बारावीनंतरच्या त्या मोठ्या परीक्षेत त्याला चांगले मार्क पडले, आणि तेव्हापासून तो मायला नमस्कार वाकून करायचा सोडून मानेनं करायला लागला.

पण ज्या कॉलेजात त्याला डॉक्टर व्हायचं होतं, तिथं नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. पोराला समोर बसवतात आणि विचारतात. मुलाखत झाली. "कळवू," म्हणाले.

तेव्हापासून हा रोज टेकडीवर.

भक्ती नव्हे. गाव खोलगट, फोनला रेंज फक्त टेकडीवर. आणि टेकडीवरही एकाच ठिकाणी, येसूमायच्या समाधीवर.

गोंधळू नका. समाधी बांधून तयार आहे, माय अजून तिच्यात गेलेली नाही. या मठात गुरूनं आपली जागा जिवंतपणी बांधून घ्यायची असते. लोक प्लॉट घेतात, तिनं हा घेतला. दगडी चौथरा आहे, ऊन चांगलं लागतं, एरवी आम्ही त्यावर लुगडी वाळत घालतो.

तर हा रोज त्या चौथऱ्यावर उभा राहून फोन बघायचा, आणि उतरला की मुलाखत पहिल्यापासून सांगायचा. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, चौथा प्रश्न. आज माय म्हणाली, "तिसरा कुठं जातो रे रोज?"

तिसरा होता, तुला डॉक्टर का व्हायचंय.

तिथून हे भांडण लागलं.

"मी मेले तेव्हा तू कुठं होतास?"

"तुझ्या उशाशी. तुझं डोकं… माझ्या मांडीवर होतं."

"मागच्या पावसाळ्यात मला ताप भरला, हिनं तुला बोलावणं धाडलं. तेव्हा कुठं होती ही मांडी?"

"टेस्ट होती माय."

"हां. म्हणजे मरायला टेस्ट नसलेला दिवस बघितला मी. शहाणीच म्हणायची."

तो चिडला. "सगळेच सांगतात. आमच्या क्लासातल्या एकानं तर सख्खा भाऊ मारला. त्याला भाऊच नाही."

"मग त्याचं बरं आहे. कुणी भांडायला येणार नाही."

"माय, माझं वर्ष आहे गं यात. अप्पा दुकानात येईल त्याला सांगतात, पोरगा डॉक्टर होतोय. नाही झालं तर मी तोंड कुठं दाखवू? तू फक्त आशीर्वाद दे."

"कुणी?"

"तू."

"मी गेलेय ना?"

…

"बरं," माय म्हणाली, "शेवटी मी काय बोलले?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"मांडीवर डोकं ठेवून माणूस नुसतं मरत नाही. काहीतरी बोलतंच. काय बोलले?"

"…'पोरा, डॉक्टर हो.'"

माझ्या हातातली शेंग गळाली. साप तिनं सोसला होता, मांडी सोसली होती, पण आता मायचं तोंड असं झालं, जणू कुणी तिच्या ताटात माती टाकली.

"असलं पुचाट बोलून मरेन मी?"

"माय…"

"ऐंशीला टेकले. आजवर कुणाला हे हो नि ते हो म्हटलं नाही. मरताना म्हणेन? आणि ते ऐकून ते लोक काय म्हणाले?"

"एक मॅडम रडल्या. नंतर बाहेर येऊन त्यांनी स्वतःचा नंबर दिला मला. म्हणाल्या, बाळ, कधी काही वाटलं तर फोन कर."

माय उठली. चौथऱ्यावरची दोन्ही लुगडी काढून माझ्या अंगावर टाकली. चढली, आडवी झाली, हात छातीवर जुळवले, डोळे मिटले.

"माय, काय करतेस?"

…

"माय, ऊठ ना. मला मेल बघायचाय."

…

तो माझ्याकडे आला. "आक्का, सांगा ना तिला."

"मेलेल्या माणसांशी मी बोलत नाही," मी म्हणाले. "त्यांना सवय लागते."

त्यानं चौथऱ्याभोवती फिरून बघितलं. हात वर, हातात फोन, मान वर. एक फेरी झाली, दुसरी झाली. रेंज काही येईना. इतकी मनापासून प्रदक्षिणा त्यानं जन्मात घातली नसेल.

तेवढ्यात दिनकरराव आले. खत-बियाण्यांचं दुकान चालवतात, पोट सांभाळत टेकडी चढतात. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. मायला घालायला आणला होता, म्हणजे निकाल लवकर लागेल.

पायऱ्या संपल्या आणि त्यांना दिसलं ते असं: समाधीवर माय, डोळे मिटलेले. बाजूला पोरगा, मान खाली. मी मांडीवर लुगडी घेऊन.

नारळ हातातून सुटला आणि गडगडत तीन पायऱ्या खाली गेला.

"कधी?" ते म्हणाले.

"मुलाखतीच्या दिवशी," मी म्हणाले. मी खोटं बोलत नाही.

त्यांच्या डोक्यात ते शिरलं नाही. ते चौथऱ्याशी बसले आणि रडले. खरं रडले, ते मी नाकारणार नाही. त्यांची आई लवकर गेली होती, लहानपणी माय त्यांना भाकरी द्यायची, ते सगळं त्यांनी हुंदक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता माय उठेल. पण ती फार हट्टी.

मग त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि पोराकडे सरकले.

"प्रज्या," हळूच म्हणाले, "तू मण्यारच सांगितलं होतंस ना?"

"अप्पा…"

"नाही, म्हणजे आता खोटं काही राहिलं नाही म्हणतो मी. दिवस थोडे मागंपुढं आहेत, ते बघता येईल. जाता जाता पोराचं काम करून गेली बघ माय."

आणि त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला.

मायच्या पायाचा अंगठा हलला. मी बघितला. दिनकररावांनी नाही बघितला.

प्रज्योत बापाकडे बघत राहिला. कुणीतरी त्याचाच फोटो त्याच्यासमोर धरावा, तसा.

"अप्पा, ती जिवंत आहे."

"धीर धर बाळा."

"जिवंत आहे म्हणतोय ना. पोट बघा तिचं. हलतंय."

दिनकररावांनी बघितलं. नीट वाकून बघितलं. मग मान वळवून खाली गावाकडं बघितलं.

"हळू बोल," ते म्हणाले.

…

"हळू काय बोल?" प्रज्योतचा आवाज चिरकला. "मेली नाहीये ती. मी मारलीय तिला. तिकडं, एसीत बसून, टाय लावून."

मायनं डोळे उघडले नाहीत. पण ती थोडी सरकली. पलीकडं, वीतभर. एक माणूस टेकेल एवढी जागा झाली.

प्रज्योतनं त्या जागेकडं बघितलं. मग चढला, बसला आणि फोन लावला.

"कुणाला लावतोस?" दिनकरराव.

त्यानं उत्तर दिलं नाही. फोन स्पीकरवर टाकून वर धरला, कानाशी नेला की आमच्याकडं रेंज जाते. त्यामुळं सगळं आम्हालाही ऐकू आलं.

"मॅडम, मी प्रज्योत गव्हाणे. मुलाखतीत मी आमच्या मायबद्दल सांगितलं होतं. सापाचं."

"हो बाळ, आठवतंय. कसा आहेस?"

"मॅडम, ती… बरी आहे."

पलीकडं पंख्याची घरघर.

"बरी म्हणजे?"

"म्हणजे वारली नाही. वारलीच नव्हती. इथंच आहे, माझ्याशेजारी पडलीय."

"पडलीय?"

"रागावलीय म्हणून."

पंखा फिरत राहिला. बाईचा आवाज आला तेव्हा त्यातला 'बाळ' निघून गेला होता.

"मग डॉक्टर का व्हायचंय तुला?"

दिनकरराव समोर उभे राहून हातवारे करायला लागले. ओठ हलवून सांगत होते, गोरगरिबांची सेवा, गोरगरिबांची सेवा. पोरानं त्यांच्याकडं पाठ केली, म्हणजे तोंड मायकडं झालं.

"मागच्या पावसाळ्यात तिला ताप भरला होता," तो म्हणाला. "निरोप आला होता. माझी टेस्ट होती, मी नाही आलो. रोज क्लासला जाताना खालनं टेकडीकडं बघायचो. चुलीचा धूर दिसला की वाटायचं, आहे. एक दिवस धूर दिसला नाही. तरी मी क्लासला गेलो."

…

"लाकडं ओली होती म्हणे त्या दिवशी. मला नंतर कळलं. पण तो दिवसभर मी… असं नुसतं धुरावरनं ठरवायचं, माणूस आहे का गेलं… ते मला नको आहे मॅडम. एवढंच आहे. दुसरं काही नाही."

लाकडं ओली होती, हे खरं आहे. चूल मीच पेटवत होते.

पलीकडं पंखासुद्धा ऐकू येईना. रेंज गेली का काय असं वाटलं.

"कळवू," बाई म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

दिनकरराव पायरीवर बसले. "गेलं," म्हणाले. "पिकलेलं शेत स्वतःच्या हातानं पेटवलंस."

प्रज्योतनं फोन खिशात घातला, काढला, बघितला, पुन्हा घातला. आणि मग सगळा राग मायवर निघाला.

"झालं समाधान? सुखरूप होतं सगळं. मी कशाला तुला सांगायला आलो? एकटा खोटं बोललो होतो, एकटा डॉक्टर झालो असतो."

माय पडूनच.

"घेतलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जाऊ मी? पुन्हा त्याच बाईंसमोर बसू?"

"जा की," माय डोळे मिटूनच म्हणाली. "पण दर वर्षी मरायला मला जमणार नाही."

"चेष्टा करू नकोस. त्या कळवू म्हणाल्या. आधीही कळवूच म्हणाल्या होत्या, पण तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आता नुसतं कळवू. काय समजू मी? हो का नाही? आधी मला माहीत तरी होतं, आपलं होणार. आता काहीच माहीत नाही. तुझं काय, तू मरून मोकळी. मी काय करू तोपर्यंत? सांग ना. रोज इथं येऊन काय करू?"

माय उठून बसली. गळ्यातला हार काढला आणि दिनकररावांच्या मांडीवर ठेवला. मनगटावरची माळ वर सरकवली. आणि हात लांब करून पोरापुढं धरला, तळवा वर.

"हे काय?" प्रज्योत म्हणाला.

"नाडी धर. मी आहे का गेले, तेवढं तू सांग… बाकीचं ते कळवतील."