सिरेची काळी वाटी

समुद्रकाठच्या शूर्पारक नगरात एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव रूपपाल. जुन्या चांदीची पारख त्याच्यासारखी कुणाला नव्हती, आणि हे सर्वांना ठाऊक असावे असे त्याला वाटे.

एकदा तो कुंदक नावाच्या भागीदाराबरोबर जहाजाने पलाशद्वीपाला गेला. तिथे दर पौर्णिमेला जुन्या वस्तूंचा बाजार भरे. लोक जमिनीवर फडके अंथरून घरातल्या वस्तू मांडत. त्या बाजाराचा एक रिवाज होता. फडक्यावरच्या वस्तूच्या बदल्यात कुणी तिच्या दुप्पट वजनाची चांदी देऊ केली, तर विकणाऱ्याला नाही म्हणता येत नसे.

सिरा नावाच्या म्हातारीच्या फडक्यावर एकच काळीकुट्ट वाटी होती. लोक ती कथलाची समजून पुढे जात. रूपपालाने ती उचलली, नखाने जराशी खरवडली आणि कुंदकाला मोठ्याने सांगितले, की ही अस्सल चांदी आहे आणि असे घडवणारे कारागीर आता उरले नाहीत. आपल्या नजरेचे त्याला फार कौतुक वाटले.

म्हातारीचा चेहरा उतरला. ती हलक्या आवाजात सांगू लागली. तिचा मुलगा सहा वर्षांचा असताना खलाशांनी त्याला पळवून नेले होते. दात येत असताना त्याने या वाटीचा पातळ काठ चावला होता, आणि पुढे पाणी पिताना त्याचे बोट नेहमी दातांच्या त्या चार खुणांवर फिरे. बंदरात उतरणारे खलाशी या बाजारात हमखास येत. कधीतरी तोही येईल, आईचा सुरकुतलेला चेहरा ओळखणार नाही, पण वाटी ओळखील, या आशेवर ती वीस वर्षे इथे बसत होती. कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून तिने वाटी कधी घासली नव्हती.

रूपपालाने वाटी खाली ठेवली. पण कुंदक तोवर तराजू काढून बसला होता.

“राहू दे, कुंदका. ती विकायला आलेली नाही.”

“वस्तू बाजारात मांडली आहे, देवघरात नाही,” कुंदक म्हणाला.

बाजाराच्या प्रमुखाने रिवाजाप्रमाणेच निवाडा दिला. कुंदक वाटी घेऊन गेला. त्याने दिलेल्या चांदीला म्हातारीने हातही लावला नाही.

रूपपालाला उपाय ठाऊक होता. त्या सफरीत घेतलेल्या चांदीचे आपले सगळे गाठोडे दिले, तर कुंदक वाटी सोडणार होता. पण गाठोडे मोठे होते. घरी काय सांगायचे, याचा विचार करीत तो धक्क्यावर दोन प्रहर बसून राहिला. शेवटी उठला, हे चांगलेच केले. पण दोन प्रहर बसला, हेही सांगायला हवे.

कुंदकाने धर्मशाळेत गाठोडे हसत हसत घेतले आणि वाटी पुढे केली. ती चिंचेने घासून लखलखीत केलेली होती. जुनी चांदी विकायची तर पोचे काढायचेच, ही त्यांच्या धंद्याची पद्धत. त्या दोन प्रहरांत त्याने लाकडी हातोडीने ठोकून काठही गुळगुळीत करून ठेवला होता.

रूपपाल ती घेऊन म्हातारीकडे गेला. तिने काठावरून दोनदा बोट फिरवले.

“वाटी सुरेख आहे, बाबा,” ती म्हणाली, “पण ही माझी नव्हे.”

रूपपाल खोटे बोलला नाही. वाटी तिचीच आहे आणि खुणा कशा गेल्या, हे त्याने सगळे सांगितले.

“मग आता तो कशावरून ओळखील?”

म्हातारी वाटी तिथेच ठेवून घरी गेली. त्यानंतर ती बाजारात कधी बसली नाही.

भगवान शास्ते आपल्या भिक्षूंना ही कथा सांगत होते. ती संपवून ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा कुंदक म्हणजे आजचा भिक्षू उदुंबर. सिरा म्हणजे दाराजवळ बसलेली ती उपासिका. आणि स्वतःच्या नजरेवर भाळलेला तो पारखी मीच होतो. त्या जन्मी माझे दान पूर्ण झाले. करुणा मात्र दोन प्रहर मागे राहिली, आणि करुणेला तेवढाही उशीर चालत नाही.”